प्वेर्तो व्हिएहो, कोस्टारिका: सासूसासरे आणि मुलांसह जायचंय, माहिती हवी

चिंचबन
नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या सुट्टीत कोस्टारिका जवळजवळ ठरलंय. ओळखीतले सगळे पॅसिफिकच्या बाजूला जाऊन आलेत. आमच्या मनात मात्र कॅरिबियन किनाऱ्यावरचं प्वेर्तो व्हिएहो आहे. छोटं गाव, मोठाली रिसॉर्ट नाहीत, सायकलवर फिरता येतं आणि जेवण नारळाच्या दुधातलं, असं वाचलंय.

आम्ही डॅलसला असतो. सोबत दोन मुलं (वय ९ आणि ६) आणि भारतातून आलेले सासूसासरे. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही, शिवाय गुडघे दुखतात. सासऱ्यांना मासे चालतात, किंबहुना मासेच चालतात. नवऱ्याच्या एच-वनच्या (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या) शिक्क्याची मुदत संपलीय, मुदतवाढीचा कागद हातात आहे. सासूसासऱ्यांकडे दहा वर्षांचा बी-वन बी-टू, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा आहे. विमानतळावरून कसं जायचं, समुद्र मुलांसाठी कसा आहे, सासूबाई काय खातील आणि किती दिवस पुरतील, एवढं कुणी सांगेल का? अनुभवी लोकांनी हात सैल सोडून लिहावं.

बोरघाट
बाकीचं राहू द्या, आधी नवऱ्याचं बघा. भारतीय पासपोर्टवर कोस्टारिकाचा वेगळा व्हिसा लागतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा मुदतीतला, बहुप्रवेशाचा शिक्का असेल तर त्यातून सूट मिळते. मुदतवाढीचा कागद म्हणजे शिक्का नव्हे. कोणत्या वर्गाचा शिक्का चालतो आणि तो किती महिने शिल्लक हवा, याचे नियम बदलतात. त्यामुळे कोस्टारिकाच्या वकिलातीला मेल टाकून लेखी उत्तर मागवा आणि ते छापून जवळ ठेवा. विमान कंपनीच्या काउंटरवर तेच उपयोगी पडतं.

दुसरी अडचण परतीची. शिक्का संपलेला असला तरी परत येता येतं, अशी जी सवलत लोक सांगतात ती कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांच्या आतल्या फेरीसाठी आहे. कोस्टारिका त्यात बसत नाही. राजधानी सान होसेत शिक्का मारून घेऊ, असा बेत तर मुळीच करू नका. सासूसासऱ्यांना अडचण दिसत नाही. परत येताना त्यांना अमेरिकेत नव्याने प्रवेश मिळेल आणि किती दिवस द्यायचे ते तिथला अधिकारी ठरवेल. कोस्टारिकातून बाहेर पडायचं तिकीट मात्र सगळ्यांकडे हवं, विचारतात.

सान_होसेकर
कामानिमित्त सान होसेत राहतो आणि त्या बाजूला जाणं होत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी महिना बदला. कोस्टारिकात ‘डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम’ असं जे सगळीकडे छापलेलं असतं, ते पॅसिफिक बाजूचं आणि मधल्या पठाराचं वर्णन आहे. कॅरिबियन किनाऱ्याचं पंचांग निराळं. तिथे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सगळ्यात कोरडे महिने, म्हणजे पॅसिफिकवर धो धो पाऊस असतो तेव्हा. फेब्रुवारी-मार्चही बरे. नोव्हेंबर-डिसेंबर आणि जुलै हे भिजवणारे. डिसेंबरात तिथे नुसत्या सरी पडत नाहीत, उत्तरेकडून थंड हवेचे लोट आले की तीन-तीन दिवस झड लागते. समुद्रही तेव्हा उधाणलेला असतो. गावासमोर साल्सा ब्राव्हा नावाची जी प्रसिद्ध लाट आहे, तिच्यासाठी सर्फिंगवाले साधारण डिसेंबर ते मार्च मुद्दाम येतात. त्यांना हवा असलेला समुद्र तुमच्या सहा वर्षांच्या पोराला नको आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात हाच समुद्र इतका निवळतो की पुंता उवाच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात पायाची बोटं दिसतात. शाळेमुळे तेव्हा जमत नसेल तर मार्चची सुट्टी धरा.

आता रस्ता. विमानतळ सान होसेचा म्हणतात, पण तो आहे आलाहुएलात. तिथून प्वेर्तो व्हिएहो सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. नकाशा साडेचार तास सांगतो, तुम्ही सहा धरा. ३२ क्रमांकाचा महामार्ग ब्राउलियो कारियो अभयारण्याच्या डोंगरातून, सुर्की बोगद्यातून उतरतो. दाट धुकं, ट्रकांची रांग आणि दरडी: पावसाळ्यातला माळशेज घाट डोळ्यासमोर आणा. दरड आली की रस्ता काही तास, कधी काही दिवस बंद. मग तुरियाल्बावरून सिकिरेसला उतरायचं, तो रस्ता वळणांचा आणि लांबचा. म्हणून विमान दुपारनंतर उतरत असेल तर त्या रात्री आलाहुएलातच मुक्काम करा आणि सकाळी निघा. इथे साडेपाच-सहाला अंधार पडतो आणि अंधारात तो घाट उतरण्यात काही शहाणपणा नाही. परतीच्या विमानाआधीची रात्रही विमानतळाजवळच काढा.

घाट संपला की सपाटी, केळीच्या बागा, निळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळलेले घड. लिमोनच्या अलीकडे-पलीकडे कंटेनरचे ट्रक फार. मग ३६ क्रमांकाने कावीता, होन क्रीक आणि तिथून डावीकडे प्वेर्तो व्हिएहो.

एक सापळा आहे. या देशात प्वेर्तो व्हिएहो दोन आहेत. एक सारापिकीचं, ते डोंगराच्या उत्तरेला, नदीकाठी, समुद्राचा पत्ता नाही. आपलं ते तालामांकाचं. हॉटेल आणि गाडी ठरवताना ‘दे तालामांका’ लिहिलंय का ते बघाच.

गाडी भाड्याने घ्यावी का? सहा माणसं आणि सामान असेल तर नको. दारातून दारात नेणारी व्हॅन सांगा, ड्रायव्हरला रस्ता बंद आहे की चालू ते आधीच कळलेलं असतं. तरी घ्यायचीच असेल तर संकेतस्थळावर दिसणाऱ्या भाड्याला भुलू नका. समोरच्याच्या नुकसानीचा विमा इथे सक्तीचा आहे, क्रेडिट कार्डाचा विमा त्याला चालत नाही. काउंटरवर आकडा चांगलाच फुगतो. एकटादुकटा माणूस सान होसेहून मेपे कंपनीच्या बसने मजेत जातो, स्वस्तही पडतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या सीटवर बसवू नका.

साळुंकी
डिसेंबरबद्दल एवढं घाबरवायला नको असं वाटतं. आम्ही नाताळात गेलो होतो. पाऊस होता, पण सकाळी दोन-तीन तास उघडीप मिळायची, तेवढ्यात फिरून यायचो. दुपारी व्हरांड्यात झोपाळा, पत्ते, पावसाचा आवाज. आम्हा कोकणातल्या माणसांना काय त्याचं! हिरवाई तर अशी की बोलायची सोय नाही.

सान_होसेकर
@साळुंकी, दोघंच असाल आणि व्हरांडा आवडत असेल तर मुद्दा मान्य. इथे दोन पोरं, दोन ज्येष्ठ आणि घसरड्या वाटा आहेत, शिवाय घाट बंद झाला तर परतीचं विमान. शिवाय नाताळात दर सगळ्यात चढे. सगळ्यात वाईट हवा सगळ्यात महाग भावाने का घ्यायची?

मार्चमध्येही एक बघा. ईस्टरच्या आधीचा आठवडा, सेमाना सांता, टाळा. अख्खा देश किनाऱ्यावर येतो. गुरुवार-शुक्रवारी बस आणि दुकानांचं काही खरं नसतं. ईस्टर दरवर्षी सरकतो, कॅलेंडर उघडून ठरवा.

चिंचबन
बापरे, बरं झालं विचारलं. मार्च घेतोय, तोवर नवऱ्याच्या शिक्क्याचंही बघता येईल. पण समुद्राचं नीट सांगा ना, कुठे उतरायचं आणि कुठे नाही?

सान_होसेकर
गावातून एकच रस्ता किनाऱ्याला धरून आग्नेयेला जातो आणि सुमारे १३ किलोमीटरवर मान्सानियोला संपतो. सगळं काही या रस्त्यावर.

प्लाया कोक्लेस गावापासून दोनेक किलोमीटर. वाळू सुंदर, लाटा दमदार आणि पाण्याची आत खेचणारी ओढ वाईट. जीवरक्षक असतात, ते असतील तेव्हाच आणि त्यांच्या समोरच उतरायचं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. मुलांना तिथे वाळूतच खेळू द्या. मुलांसाठी पुंता उवा, सातेक किलोमीटरवर, टेकाडाच्या आडोशाला. मार्चमध्येही एखादा दिवस तिथे लाटा येतात, म्हणून सकाळी जाऊन बघायचं, खवळलेला दिसला तर दुसरं काहीतरी. मोठा पाऊस झाला की नद्या गढूळ पाणी आणतात, मग दोन दिवस स्नॉर्केलिंग विसरा.

गावाच्या अलीकडे प्लाया नेग्रा, काळी वाळू. दुपारी तळपाय भाजतात, चपला घालून जा. किनारा ईशान्येकडे तोंड करून आहे, सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो. सूर्यास्ताच्या फोटोंचे बेत करून येणारे हिरमुसतात.

राहायला तुमच्यासारख्यांनी गावात राहू नये. रात्री संगीत चालू असतं. कोक्लेस ते प्लाया चिकिता या पट्ट्यात स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. पहाटे चार-साडेचारला छपरावरून गर्जना ऐकू येतील, ती हाउलर माकडं, काही करत नाहीत. पण सासूसासऱ्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा.

गुळपोळी
जेवणाचं मी घेते.

इथला राजा म्हणजे राइस अँड बीन्स: नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि लाल घेवडा, त्यात थाइमची काडी आणि एक अख्खी पानामा मिरची. मिरची फोडत नाहीत, वास तेवढा उतरवतात. चुकून चावलीत तर कोल्हापूरकरही गप्प बसतील. देशात इतरत्र मिळतो तो गाय्यो पिंतो, तो वेगळा, त्यात नारळ नाही. राइस अँड बीन्स बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारीच करतात, तेव्हा रविवार दुपार मोकळी ठेवा.

सासूबाईंसाठी: या गावात शाकाहार नवा नाही, नुसत्या भाजीपाल्याची दोन-चार उपाहारगृहं सहज सापडतात. साध्या खानावळीत मात्र विचारायचं, कारण घेवड्यात डुकराचा तुकडा किंवा चरबी घालायची पद्धत आहे. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढं पुरत नाही, कोंबडी आणि हॅम ते मांसात मोजतीलच असं नाही. मी कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून नेलं होतं: मांस नको, कोंबडी नको, मासे नको, अंडं नको, चरबी नको. तो कागद सरळ स्वयंपाकघरात जायचा. कसादो, म्हणजे भात, घेवडा, कोशिंबीर, तळलेली केळी, हे शाकाहारी करून देतात. पाताकोनेस म्हणजे कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप. आणि नीरफणस! तोच तो, आपल्या कोकणातला विलायती फणस. इथे त्याला फ्रुता दे पान म्हणतात. काप तळून मिळाले तर सोडू नका.

कुकर नेऊ नका, पण मसाल्याचा डबा न्या. घरात चूल असेल तर तांदूळ, नारळ, आलं, लिंबू, कोथिंबिरीची चुलत बहीण कुलांत्रो, सगळं बाजारात मिळतं. गूळही मिळतो, तापा दे दुल्से नावाने, ढेपेत. त्याचंच आलं-लिंबू घातलेलं थंड पेय ‘आग्वा दे सापो’. सासूबाई दिवसातून दोनदा मागतील.

सासऱ्यांसाठी रोंदोन: मासे, कंद, कच्ची केळी, नारळाचं दूध, मंद आचेवर. आधी सांगून ठेवावं लागतं, घाईचं काम नाही. रस्त्यावर पाती मिळतात, करंजीच्या आकाराच्या तिखट, आत खिमा. प्लान्तिन्ता नावाची गोड असते, आत पिकल्या केळ्याचं सारण. ती सासूबाईंना देण्याआधी पिठात लोणी आहे की चरबी ते विचारा.

शिडाचं_होडकं
थोडं अवांतर, पण हे ठाऊक असेल तर गाव वेगळं दिसतं.

या किनाऱ्यावरचे लोक इंग्रजी-क्रिओल बोलतात, कारण त्यांचे पूर्वज जमैका आणि आजूबाजूच्या बेटांवरून आले. सान होसे ते लिमोन रेल्वे बांधायला मजूर आणले, ती १८९० मध्ये पुरी झाली. मग केळीच्या बागा आल्या. बहुतेकांना नागरिकत्व मिळायला १९४९ च्या सुमारापर्यंत थांबावं लागलं. तोवर ज्या देशात जन्मलो तिथेच परके. शेतकऱ्यांनी कोको लावला, तर १९७० च्या दशकाच्या शेवटी मोनिलिया बुरशीने बागांची वाट लावली. पर्यटन त्यानंतरचं. म्हणून माझा आग्रह असतो: राहणं, जेवण, वाटाड्या, शक्य तेवढं स्थानिक कुटुंबांकडून घ्या. परदेशी मालकांची चकचकीत ठिकाणं आता भरपूर झालीत, त्यांना गिऱ्हाइकांची ददात नाही.

कावीता हे शेजारचं गाव तर चुकवूच नका. वॉल्टर फर्ग्युसन तिथले. कॅलिप्सो या कॅरिबियन गाण्याचे मोठे गवई, २०२३ मध्ये १०३ वर्षांचे होऊन गेले. स्वतःच्या आवाजात कॅसेट ध्वनिमुद्रित करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकायचे. आणि तिथलं राष्ट्रीय उद्यान! १९९४ मध्ये सरकारने परदेशी लोकांचं प्रवेशशुल्क एकदम वाढवलं. पाहुणे यायचे थांबतील म्हणून गावकऱ्यांनी प्रवेशद्वाराचा ताबा घेतला आणि लोकांना फुकट आत सोडलं. अखेर सरकारला त्यांच्यासोबत बसून कारभार वाटून घ्यावा लागला. त्यामुळेच गावातल्या केली क्रीकच्या दारावर आजही ऐच्छिक देणगी घेतात. दुसऱ्या, प्वेर्तो व्हार्गासच्या दाराला ठरावीक शुल्क. देणगी आहे म्हणून दोन डॉलर टेकवून आत शिरू नका, प्लीज.

बोरघाट
कावीताला +१. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनाही तेच योग्य. केली क्रीककडून वाट सपाट आहे, समुद्राच्या कडेकडेने, झाडांच्या सावलीत. पूर्ण वाट आठ-नऊ किलोमीटरची, पण कुठूनही मागे फिरता येतं. सकाळी लवकर जा. वाटाड्या घ्याच. फांदीला चिकटलेला स्लॉथ हा संथ प्राणी आणि पिवळाधमक पापणीवाला साप तुम्हाला स्वतःहून दिसणार नाही, आणि साप न दिसणं बरं नव्हे. खाऊच्या पिशव्या माकडं आणि रॅकून उघडतात, चेनसुद्धा. एकदाच वापरायचं प्लॅस्टिक आत नेऊ देत नाहीत. पाण्यात प्रवाळ आहे, पण स्नॉर्केलिंग परवानाधारक वाटाड्यासोबतच.

प्रवाळाबद्दल आठवलं, २२ एप्रिल १९९१ ला इथे ७.६ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला आणि किनारा काही ठिकाणी मीटरभर वर उचलला गेला. जिवंत प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेलं. गावासमोर ओहोटीला दिसतात ते काळे खडक म्हणजे जुनं प्रवाळच. अनवाणी चढू नका, कापतं.

पेरूचा_ढीग
पैशांचं काय? डॉलर चालतात का? सुरक्षित आहे का? आम्ही दोघी मैत्रिणी जायचं म्हणतोय.

सान_होसेकर
डॉलर चालतात, सुट्टे मात्र कोलोन या इथल्या चलनात येतात आणि दुकानदाराच्या दराने. फाटकी नोट घेत नाहीत, शंभराची मोडत नाहीत. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. गावातल्या एटीएमची रोकड सुट्टीच्या दिवशी संपू शकते, लिमोनच्या आधीच थोडे काढून ठेवा. यंत्राने ‘डॉलरमध्ये रूपांतर करू का’ विचारलं तर नाही म्हणा. उपाहारगृहाच्या बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं, वर आणखी टीप द्यायची सक्ती नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर मारामारीपेक्षा चोरीची भीती. पाण्यात जाताना वाळूवर पिशवी ठेवली की गेली. गाडीत काही दिसेल असं ठेवायचं नाही. दोघी असाल तर एकीने किनाऱ्यावर बसायचं. रात्री गाव आणि कोक्लेसच्या मधला अंधारा पट्टा सायकलने किंवा चालत पार करू नका, टॅक्सी घ्या. गांजा विकायला कुणी ना कुणी जवळ येईल. विक्री बेकायदा आहे, नाही म्हणून पुढे चला, मागे लागत नाहीत.

दिवसा मात्र सायकलच. ब्रेक आणि कुलूप तपासून घ्या. रस्ता सपाट आहे, पण अरुंद, आणि ट्रकही त्याच रस्त्यावर.

साळुंकी
डास! डेंग्यू आहे तिकडे. आणि संध्याकाळी वाळूवर डोळ्याला न दिसणारे पुरुहास नावाचे किडे घोट्यांना फोडून काढतात. दिवे लागायच्या वेळी लांब पायजमा. मुलांसाठी फवारा घरूनच न्या, तिथे महाग.

चिंचबन
नोंद केली! कोकोबद्दल आणि ब्रिब्री या आदिवासी लोकांच्या गावाबद्दल वाचलं, योर्किन. मुलांना न्यावं का? आणि सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, जवळ दवाखाना?

शिडाचं_होडकं
योर्किनला लांब कोरीव होडीतून नदीने जायचं, उतरताना पाण्यात पाय घालावा लागतो. मुलं खूश, सासूबाई नाही. तिथल्या बायकांनी उभ्या केलेल्या स्तिब्राव्पा गटाकडून भेट ठरवता येते. ब्रिब्रींमध्ये कूळ आईकडून चालतं आणि विधीचा कोको बायकाच करतात. बिया भाजणं, दगडावर वाटणं, मुलांना हात लावू देतात. ज्येष्ठांना घेऊन जायचं तर ब्रिब्री गावाच्या आसपास रस्त्याने पोचता येणारी कोकोची घरं आहेत, तिथे हेच बघायला मिळतं. नवरा आणि मुलं योर्किन, तुम्ही तिघं तिकडे, असं करा.

सान_होसेकर
होन क्रीकला सरकारी दवाखाना आहे, मोठं रुग्णालय लिमोनला, तास-सव्वा तास. आणीबाणीला ९११. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, निम्म्या हातातल्या पिशवीत. नळाचं पाणी देशात बहुतेक ठिकाणी पिता येतं, या किनाऱ्यावर मात्र घरमालकाला विचारून मगच. वीज जाते अधूनमधून, विजेरी ठेवा. प्लग अमेरिकेसारखेच.

किती दिवस? येण्याजाण्याचे धरून आठवडा. चारच दिवस असतील तर इकडे येऊच नका, घाटातच संपतील.

पेरूचा_ढीग
आम्ही पुढे पनामातल्या बोकास देल तोरोला जायचं म्हणतोय. आणि तिथून मी थेट पुण्याला.

बोरघाट
सिक्साओलाचा पूल ओलांडला की पनामा, घड्याळ एक तास पुढे करा, सीमेची कचेरी संध्याकाळी बंद होते. पण पुण्याचं म्हणालात म्हणून सांगतो: पीतज्वराच्या देशांची जी यादी भारत सरकार वापरते त्यात पनामा आहे, कोस्टारिका नाही. पनामा सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत मुंबईत उतरलात आणि लशीचा पिवळा दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. @चिंचबन, तुमचे सासूसासरे परस्पर भारतात जाणार नाहीत ना? साठीच्या पुढच्यांना ती लस डॉक्टर सहज देत नाहीत, तेव्हा ते सोबत असताना बोकासचा मोह नको.

चिंचबन
नाही, ते आमच्यासोबत डॅलसला परत. बोकास रद्द. मार्चचा दुसरा आठवडा बघतेय, प्लाया चिकिताला एक घर सापडलंय, चूल आहे, पायऱ्या तीनच. वकिलातीला मेल टाकला, उत्तर आलं की इथेच लिहिते.

गुळपोळी
चूल गॅसची आहे की विजेची ते विचारून घ्या. वीज गेली तर सासूबाईंचा चहा अडेल.